अलर्टमॅनेजर लिनक्सवर बसवताना: काय जमतं, कुठे अडतं

मॉनिटरिंगचं टूल निवडताना बहुतेक जण आधी ग्राफ पाहतात. पण रात्री दोनला डिस्क भरते तेव्हा ग्राफ पाहायला कोणी जागं नसतं. तेव्हा फक्त एक मेसेज हवा असतो, ज्याने उठून काही करायचंय त्या माणसाच्या फोनवर. त्याच रात्री स्विच बंद पडून पंधरा मशीन दिसेनाशी झाली, तर पंधरा मेसेज येऊन चालत नाहीत, कारण तिसऱ्या मेसेजनंतर माणूस फोन उलटा ठेवतो. प्रोमिथियस या मॉनिटरिंग टूलच्या कुटुंबातलं अलर्टमॅनेजर नेमकं याच कामासाठी बनलंय. कोणते अलर्ट एकत्र करायचे, कोणते दाबून ठेवायचे आणि उरलेले कोणाकडे पाठवायचे, हे मुक्त स्रोताच्या टूल्समध्ये इतक्या स्वच्छपणे करणारं दुसरं टूल आमच्या पाहण्यात नाही. बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे, नीट लावायला मात्र एक-दोन दिवस मोकळे ठेवा.

प्रोमिथियसची सुरुवात २०१२ साली साउंडक्लाउड कंपनीत झाली. २०१६ मध्ये तो सीएनसीएफ या मुक्त स्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेत आला, कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसनंतरचा दुसराच प्रकल्प म्हणून. अलर्टमॅनेजर त्याचाच भाग आहे. ते गो भाषेत लिहिलंय, परवाना अपाची २.० आहे आणि सगळं मिळून एक बायनरी फाइल आहे. डेटाबेस लागत नाही, वेब सर्व्हर वेगळा लागत नाही. कामाची वाटणी आधी समजून घ्या, कारण नवख्यांची पहिली गफलत इथेच होते. प्रत्येक मशीनवर नोड एक्स्पोर्टर (पोर्ट ९१००) आकडे दाखवतो. प्रोमिथियस (पोर्ट ९०९०) ते आकडे गोळा करतो, नियम तपासतो आणि नियम मोडला की अलर्ट पुढे ढकलतो. अलर्टमॅनेजर (पोर्ट ९०९३) स्वतः काहीच मोजत नाही. फक्त तेवढंच बसवलं तर रिकामं पान दिसतं, आणि मग ‘टूल चालत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

पॅकेज की टारबॉल?

डेबियन आणि उबुंटूच्या भांडारात ‘प्रोमिथियस-अलर्टमॅनेजर’ नावाचं पॅकेज आहे. एपीटीने एका ओळीत बसतं, युजर आपोआप तयार होतो, सर्व्हिस चालू होते. पण त्यात दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे त्यात वेब पान नसतं. ते पान एल्म भाषेत लिहिलेलं असल्याने डेबियनने ते पॅकेजमधून वगळलंय. सोबत एक स्क्रिप्ट दिलेली असते, ती चालवून पान स्वतः तयार करावं लागतं. दुसरी म्हणजे आवृत्ती मागे राहते. डेबियन १२ मध्ये ०.२५ मिळतं, आणि त्यानंतर आलेल्या सोयी त्यात नाहीत. शिवाय या पॅकेजची कॉन्फिग फाइल ‘ईटीसी’खालच्या प्रोमिथियसच्याच फोल्डरमध्ये असते आणि सुरू होतानाचे पर्याय ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरमध्ये. इंटरनेटवरच्या सूचना वाचून अलर्टमॅनेजर नावाच्या फोल्डरात फाइल बदलत बसलात तर काहीच बदलणार नाही.

सुरक्षेचे अपडेट आपोआप यावेत आणि वेब पानाची गरज नसेल, तर पॅकेज उत्तम. एरवी टारबॉल, म्हणजे प्रकल्पानेच बांधून दिलेली दाबलेली फाइल, घ्या. प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून आपल्या प्रोसेसरची फाइल उतरवा. इंटेल किंवा एएमडीसाठी ‘एएमडी६४’, रास्पबेरी पायवर ६४ बिटची सिस्टिम असेल तर ‘एआरएम६४’. चुकीची घेतली तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ दिसेल. सोबत ‘शा२५६’ बेरजांची फाइल असते, ती उतरवून ‘शा२५६सम’ने पडताळा. त्यात सगळ्या प्रोसेसरच्या फाइलींची यादी असते, म्हणून ‘इग्नोअर मिसिंग’ हा पर्याय द्या, नाहीतर नसलेल्या फाइलींच्या नावाने उगाच चुका दाखवतं.

टारबॉल उलगडला की आत दोन बायनरी मिळतात: अलर्टमॅनेजर स्वतः आणि अ‍ॅमटूल हे सोबतचं कमांडवरून चालवायचं टूल. दोन्ही ‘यूएसआर’खालच्या ‘लोकल’मधल्या ‘बिन’मध्ये ठेवा. लॉगिन नसलेला, होम फोल्डर नसलेला सिस्टिम युजर तयार करा. ‘ईटीसी’मध्ये अलर्टमॅनेजरचा फोल्डर कॉन्फिगसाठी आणि ‘व्हार’खालच्या ‘लिब’मध्ये दुसरा डेटासाठी. डेटा फोल्डरची मालकी नव्या युजरला द्या. कॉन्फिग फाइलची मालकी रूटकडे ठेवून गटाला फक्त वाचण्याची परवानगी द्या, म्हणजे ६४०, कारण या फाइलमध्ये मेलचा पासवर्ड येणार आहे.

सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीच्या युनिट फाइलमध्ये युजरचं नाव, कॉन्फिग फाइलचा पत्ता, स्टोरेजचा पत्ता आणि ‘रीस्टार्ट ऑन फेल्युअर’ एवढं पुरतं. स्टोरेजचा पत्ता विसरू नका. तो दिला नाही तर टूल चालू फोल्डरमध्ये ‘डेटा’ नावाचा फोल्डर बनवू पाहतं, आणि सिस्टिमडीखाली चालू फोल्डर म्हणजे रूट, जिथे नव्या युजरला लिहिता येत नाही. या स्टोरेजमध्ये दोनच गोष्टी असतात: दिलेले सायलेन्स (ठरावीक काळ अलर्ट गप्प ठेवण्याचे आदेश) आणि कोणता मेसेज कधी पाठवला याची नोंद. फोल्डर लहानच राहतो, पण हरवला तर सगळे सायलेन्स जातात आणि चालू असलेले अलर्ट पुन्हा पाठवले जातात.

युनिट फाइल लिहिल्यावर ‘डिमन रीलोड’, मग ‘एनेबल’ आणि ‘स्टार्ट’. इथे दोन अडथळे हमखास भेटतात.

पहिला रॉकी, अल्मा किंवा रेड हॅटवर. बायनरी होम फोल्डरमध्ये उतरवून ‘एमव्ही’ने हलवली, तर एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेचं होम फोल्डरचं लेबल तिच्यासोबतच येतं. सर्व्हिस ‘२०३/एक्झेक’ दाखवून मरते, आणि परवानग्या कितीही तपासल्या तरी त्या बरोबरच दिसतात. ‘रिस्टोअरकॉन’ चालवा, लेबल बदलतं, सर्व्हिस उठते. एसईलिनक्स बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

दुसरा भाड्याच्या क्लाउड मशीनवर. अलर्टमॅनेजर एकाहून अधिक प्रतींत चालू शकतं, त्यासाठी ते सुरू होतानाच पोर्ट ९०९४ उघडतं आणि स्वतःचा खाजगी आयपी पत्ता शोधतं. मशीनला फक्त सार्वजनिक आयपी असेल तर ‘नो प्रायव्हेट आयपी फाउंड’ असं लॉगमध्ये लिहून ते बंद होतं. एकच प्रत चालवायची असेल तर ‘क्लस्टर लिसन अ‍ॅड्रेस’ हा पर्याय रिकामा द्या. क्लस्टर बंद होतं आणि एक विनाकारण उघडं राहणारं पोर्टही मिटतं. हा पर्याय आम्ही एकट्या मशीनवर नेहमीच द्यायला सांगू, चूक येवो वा न येवो.

आणखी एक पर्याय पहिल्याच दिवशी द्या: ‘एक्स्टर्नल यूआरएल’. तो नसेल तर मेलमधल्या लिंक मशीनच्या अंतर्गत नावाने तयार होतात आणि फोनवरून उघडत नाहीत. प्रोमिथियसलाही हाच पर्याय वेगळा द्यावा लागतो, कारण नियमाच्या ग्राफकडे नेणारी लिंक तो बनवतो.

प्रोमिथियसशी जोडणी

प्रोमिथियसच्या फाइलमध्ये ‘अलर्टिंग’ विभागात अलर्टमॅनेजरचा पत्ता आणि ‘रूल फाइल्स’खाली नियमांच्या फाइलींचा पत्ता, दोन्ही हवेत. नियम तपासायला प्रोमिथियससोबत येणारं प्रॉमटूल आणि अलर्टमॅनेजरची फाइल तपासायला अ‍ॅमटूल. प्रत्येक बदलानंतर आधी तपासणी, मग रीलोड. या फाइली वायएएमएल या लेखनपद्धतीत असतात, त्यांच्यात टॅब चालत नाही, आणि दोन स्पेसचा फरक पडला की अर्थ बदलतो. चुकीच्या फाइलवर रीलोड केलं तर चालू टूल जुनीच कॉन्फिग धरून बसतं, तक्रार फक्त लॉगमध्ये जाते. मग आठवड्याने मशीन रीबूट होते आणि सर्व्हिस उठतच नाही.

प्रोमिथियसला किती डिस्क लागेल, याचा अंदाज सोपा आहे. प्रत्येक नोंदीला साधारण १ ते २ बाइट लागतात. दहा मशीन, प्रत्येकी सुमारे हजार आकडे, दर १५ सेकंदांनी एकदा, आणि मूळ मुदत १५ दिवस धरली तर २ जीबीच्या आत भागतं. हा डेटा एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर, मात्र ठेवू नका. तिथे डेटा बिघडण्याचा धोका आहे आणि प्रकल्पही त्याला पाठिंबा देत नाही.

नियम लिहिताना डिस्कचंच उदाहरण घेऊ. आकड्यांमध्ये ‘फ्री’ आणि ‘अव्हेल’ असे दोन प्रकार दिसतात. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. १ टीबीच्या डिस्कवर ही जागा ५० जीबीच्या आसपास होते. ‘फ्री’ ती जागा मोकळी धरतं, ‘अव्हेल’ धरत नाही. ‘फ्री’वर ५ टक्क्यांचा नियम लावला तर अलर्ट यायच्या आधीच डेटाबेस ‘नो स्पेस लेफ्ट’ म्हणून थांबलेला असतो. म्हणून नेहमी ‘अव्हेल’. टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती फाइल सिस्टिम) वगळा. आयनोडचा (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदीचा) नियम वेगळा लिहा, कारण लाखो छोट्या फाइली साठल्या की जागा असूनही नवी फाइल तयार होत नाही. ‘प्रेडिक्ट लिनिअर’ वापरून गेल्या ६ तासांच्या वेगाने पुढच्या २४ तासांत डिस्क भरेल का, हेही विचारता येतं. फक्त त्याला ‘सध्या २० टक्क्यांहून कमी मोकळी’ अशी जोड द्या, नाहीतर रोजचा बॅकअप सुरू झाला की खोटा इशारा येतो.

मशीन गायब झाली की तिचे आकडेही गायब होतात, आणि आकडाच नसेल तर नियम मोडल्याचं प्रोमिथियसला दिसत नाही. डिस्कचा चालू अलर्ट अशा वेळी ‘सुटला’ म्हणून मेल येतो, प्रत्यक्षात मशीनच मेलेली असते. ‘अप बरोबर शून्य’, म्हणजे मशीन उत्तर देत नाही, हा नियम म्हणूनच सगळ्यांत आधी लिहायचा.

वेळेचं गणित

अलर्टमॅनेजरचं सगळं कौशल्य राउट या, कोणता अलर्ट कोणाकडे जाईल ते ठरवणाऱ्या भागात आहे, आणि बिघाडही इथेच होतात. सगळ्यांत वरचा राउट सर्वांना लागू असतो, त्यावर अट घालता येत नाही. खालचे राउट क्रमाने तपासले जातात, पहिला जुळला की शोध थांबतो. तोच अलर्ट दोघांकडे जायला हवा असेल तर ‘कंटिन्यू’ द्यावं लागतं.

तीन वेळा लक्षात ठेवा. ‘ग्रुप वेट’ म्हणजे नवा गट तयार झाल्यावर पहिला मेसेज पाठवण्याआधीची वाट, मूळ ३० सेकंद. ‘ग्रुप इंटरव्हल’ म्हणजे त्याच गटात नवं काही आलं तर पुढच्या मेसेजपर्यंतचं अंतर, मूळ ५ मिनिटं. ‘रिपीट इंटरव्हल’ म्हणजे काहीच न बदलता आठवण देण्याचं अंतर, मूळ ४ तास. १५ सेकंदांनी आकडे, १५ सेकंदांनी तपासणी, नियमात ‘फॉर’ (बिघाड किती वेळ टिकला की अलर्ट द्यायचा) ५ मिनिटं आणि वर ३० सेकंदांची वाट, म्हणजे बिघाडापासून मेसेजपर्यंत सहा मिनिटं जातात. ‘अलर्ट उशिरा येतो’ ही तक्रार बहुतेक वेळा या बेरजेतच सुटते. घाई असेल तर ‘फॉर’ कमी करा. ग्रुप वेट शून्यावर आणलंत तर गट जमायला वेळच उरत नाही.

कशावरून गट करायचा ते सांगणाऱ्या ‘ग्रुप बाय’मध्ये इन्स्टन्स, म्हणजे मशीनचा पत्ता, टाकणं ही सर्रास होणारी चूक. मग प्रत्येक मशीनचा गट वेगळा होतो आणि स्विच पडल्यावर पंधरा मेल येतात, म्हणजे हे टूल घेतलं त्याचा हेतूच संपला. अलर्टचं नाव आणि मशीनचं ठिकाण, एवढ्यावर गट करा.

रिपीट इंटरव्हलची एक खोड ठाऊक असावी. पाठवलेल्या मेसेजांची नोंद मुळात १२० तासच राहते. आठवड्यातून एकदा आठवण हवी म्हणून १६८ तास लिहिलेत, तरी पाच दिवसांनी नोंद पुसली जाते आणि मेसेज पुन्हा जातो. अलर्टमॅनेजरच्या डेटाची मुदतही वाढवावी लागते.

एक अलर्ट असताना दुसरा दाबण्याची सोय, म्हणजे इन्हिबिट, हा या टूलमधला सगळ्यांत उपयोगी भाग. एखाद्या ठिकाणचं नेटवर्क लिंक बंद असेल तर तिथल्या मशीनचे अलर्ट दाबा. क्रिटिकल आला असेल तर त्याचा वॉर्निंग दाबा. नमुना कॉन्फिगमध्ये दोन्हींचं नाव सारखं असावं अशी अट दिलेली असते. तुमच्या नियमांत वॉर्निंगचं नाव एक आणि क्रिटिकलचं दुसरं असेल तर ही अट कधीच जुळत नाही, दोन्ही मेसेज येत राहतात. नाव एकच ठेवा, तीव्रता अलर्टला लावलेल्या लेबलने वेगळी करा. उलटही होतं: ‘इक्वल’मध्ये दिलेलं लेबल दोन्ही बाजूंना नसेल तर टूल ते सारखंच समजतं आणि भलतेच अलर्ट दाबून टाकतं.

रात्री वॉर्निंग नको असतील तर वेळेच्या पट्ट्या लावता येतात. मात्र ठिकाण दिलं नाही तर वेळ यूटीसी धरली जाते. रात्री १० ते सकाळी ६ असं लिहिलं, तर भारतात ते पहाटे साडेतीन ते सकाळी साडेअकरा होतं, म्हणजे ऑफिस सुरू होतानाचेच अलर्ट गिळले जातात. ०.२५ पासून ‘लोकेशन’मध्ये ‘एशिया/कोलकाता’ देता येतं. मध्यरात्र ओलांडणारी एकच पट्टी चालत नाही. २२ ते २४ आणि ० ते ६ अशा दोन लिहाव्या लागतात. आणि ही बंदी सगळ्यांत वरच्या राउटवर लावता येत नाही, खालच्यावरच.

मेसेज पोचवणं

मेल लावणं सोपं, पण पोर्ट २५ अनेक क्लाउड कंपन्या बंद ठेवतात. ५८७ वापरा. जीमेलमधून पाठवायचं तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची सोय ०.२५ पासून आहे, ती घ्या. म्हणजे मूळ कॉन्फिग निर्धास्तपणे गिटमध्ये ठेवता येते. ‘बिघाड मिटला’ असा मेल मुळात जात नाही, त्यासाठी ‘सेंड रिझॉल्व्ड’ चालू करावं लागतं.

टेलिग्राम ०.२४ पासून आत आहे आणि छोट्या टीमसाठी आमची पहिली पसंती तीच. टेलिग्रामच्या बॉटफादर या बॉटकडून टोकन घ्यायचं, बॉट ग्रुपमध्ये घ्यायचा, चॅट आयडी लिहायचा. आयडी अवतरणचिन्हांशिवाय, ग्रुपचा असेल तर वजा चिन्हासकट. साधा ग्रुप पुढे सुपरग्रुप झाला की आयडी बदलतो आणि अलर्ट गुपचूप बंद पडतात.

व्हॉट्सअ‍ॅप आणि एसएमएस थेट नाहीत. वेबहूकमधून, म्हणजे अलर्ट एखाद्या वेब पत्त्यावर पाठवून, मधली सेवा लावावी लागते. भारतात एसएमएसचा मजकूर डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो, त्यामुळे दर वेळी बदलणारा अलर्टचा मजकूर नमुन्यात बसवणं किचकट होतं. नमुना लहान ठेवा: मशीनचं नाव आणि अलर्टचं नाव, बस. नियमातल्या मजकुरात मराठी चालते, मेल आणि टेलिग्राममध्ये ती व्यवस्थित दिसते. रात्रपाळीच्या माणसाने नेमकं काय करायचं, हे तिथे मराठीतच लिहा. एसएमएसला मात्र देवनागरीत एका भागात ७० अक्षरंच मिळतात, इंग्रजीत १६०.

बसवणी पुरी झाल्याची खात्री दोन टप्प्यांत करा. आधी अ‍ॅमटूलने खोटा अलर्ट घाला, अर्ध्या मिनिटात मेसेज यायला हवा. नाही आला तर ‘जर्नलसीटीएल’मध्ये कारण लिहिलेलं सापडतं. मग एका मशीनवरचा नोड एक्स्पोर्टर खरोखर बंद करा आणि पूर्ण साखळी चालते का बघा. कोणता अलर्ट कोणाकडे जाईल, हे अ‍ॅमटूलच्या ‘राउट्स टेस्ट’ने न पाठवताही कळतं, राउट पाच-सहाच्या पुढे गेले की ही चाचणी प्रत्येक बदलाआधी चालवा.

यानंतरही एक भोक राहतं. प्रोमिथियस किंवा अलर्टमॅनेजर स्वतःच मेलं तर शांतता होते, आणि ती शांतता सगळं ठीक असल्यासारखीच दिसते. उपाय ठरलेला आहे: नेहमी चालू राहणारा ‘वॉचडॉग’ नावाचा अलर्ट लिहायचा, त्याचा नियम फक्त ‘व्हेक्टर १’. तो ठरावीक अंतराने वेबहूकने बाहेरच्या सेवेकडे जातो, आणि तिकडून ठोका चुकला की ती सेवा ओरडते. हेल्थचेक्स हे त्यासाठीचं मुक्त स्रोताचं टूल आहे. ते तुमच्या नेटवर्कबाहेर असलं पाहिजे, त्याच रॅकमध्ये ठेवून उपयोग नाही. ही पायरी गाळून केलेली बसवणी आम्ही अपुरी समजतो.

सुरक्षेचं बोलायचं तर मुळात कसलाच लॉगिन नसतो. पोर्ट ९०९३ गाठणारा कोणीही सगळे अलर्ट सायलेन्स करू शकतो. फायरवॉलने पोर्ट आतपुरतं ठेवा, आणि वेब कॉन्फिग फाइलमध्ये टीएलएस आणि बीक्रिप्ट केलेला पासवर्ड द्या. पासवर्ड लावल्यावर तोच प्रोमिथियसच्या ‘अलर्टिंग’ विभागातही द्यावा लागतो, नाहीतर अलर्टच पोचत नाहीत.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. या आठवड्यात ड्यूटी कोणाची हे या टूलला माहीत नसतं. ‘मी बघतोय’ असं नोंदवायची सोय नाही. लोक त्यासाठी थोड्या वेळाचा सायलेन्स वापरतात. पहिल्याने उचललं नाही तर दुसऱ्याकडे जा, हेही नाही. जुन्या अलर्टचा इतिहास ठेवत नाही. यातलं बरंचसं झॅबिक्स या मॉनिटरिंग टूलमध्ये मिळतं, तेही माऊसने टिचक्या मारून; बदल्यात मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस सांभाळावा लागतो. नेटवर्कची उपकरणं जास्त आणि वायएएमएल लिहिणारं कोणी नसेल, तर झॅबिक्सच घ्या. चार वेबसाइट चालू आहेत का एवढंच बघायचं असेल तर उपटाइम कुमा पुरे, तिथे अलर्टमॅनेजर म्हणजे विनाकारण खटाटोप. कंटेनर असतील, मशीन येत-जात असतील, कॉन्फिग गिटमधून चालत असेल, तर मात्र अलर्टमॅनेजरला आमच्या मते पर्याय नाही.

अपग्रेड करताना बायनरी बदलून सर्व्हिस पुन्हा सुरू करायची, एवढंच काम असतं. फक्त बदलांची यादी आधी वाचा. ०.२७ मध्ये जुनी व्ही१ एपीआय काढून टाकली. घरच्या स्क्रिप्ट त्या पत्त्यावर अलर्ट पाठवत असतील तर त्या त्या दिवशीच बंद पडतील, म्हणून आधी त्यातला पत्ता व्ही२ करा. प्रोमिथियस ३ नेही व्ही१ सोडलंय, त्याला निदान ०.१६ चं अलर्टमॅनेजर लागतं. जुनी बायनरी आवृत्तीच्या आकड्यासकट बाजूला ठेवा, डेटा फोल्डरची एक प्रत घ्या, आणि अपग्रेडनंतर खोटा अलर्ट घालून मेसेज हातात आल्याशिवाय टर्मिनल बंद करू नका.